बुजवलेला ओठ

मोचे, सोमवार, ९ फेब्रुवारी

रुसून लिमाला जाऊन बसलेल्या माझ्या फिओरेलास,

पाच महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र रताळ्यांच्या खोक्यात घालून बसने पाठवतेय. आजीवर राग असला तरी रताळ्यांवर थोडाच असणार! पाटाकडेच्या वाफ्यातली आहेत, पिवळी, शिजली की लोण्यासारखी होतात. वर लुकुमाची दोन फळं ठेवलीत, ती आधी खा, वाटेत मऊ पडतील. अक्षराला हसू नकोस. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. हसलीस तरी चालेल म्हणा, मला कुठे ऐकू येणार आहे.

तू गेलीस ती घाईत गेलीस. मीही काहीबाही बोलले असेन, म्हातारी माणसं बोलतातच. ते असो.

तर आज काय झालं, ऐक. सोमवार म्हणजे शांबार. पहाटेपासून गहू, हरभरे, वाल नि डुकराची कातडी शिजायला घातली होती. कबुतरांच्या टेकाडावर खोदणाऱ्या लोकांना हल्ली मीच जेवण नेते. सोमवारी शांबार मिळालं नाही तर ते लोक फावडं टाकून घरी जातील, असं त्यांचा मुकादम म्हणतो. तिथे एक डॉक्टरीणबाई आल्यात, ओफेलिया तिरादो. माणसांच्या नव्हेत, मडक्यांच्या डॉक्टर. टेबलावर खापरं मांडून दिवसभर जोडत बसतात. स्वभावाने चांगल्या आहेत, मला मानाने 'दोन्या' म्हणतात, फक्त शांबारातले वाल बाजूला काढतात.

मी पातेलं ठेवलं नि टेबलाकडे नजर गेली. फिओरेला, तिथे एक माणूस बसला होता.

म्हणजे मडकंच. आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेलं, माणसाच्या तोंडाचं. डोक्याच्या मागचा भाग अजून जोडायचा होता, पण चेहरा पुरा होता. तुझे आजोबा असली तोंडं साच्यातून काढून पर्यटकांना विकायचे, हजारभर तरी आपल्या अंगणातून गेली असतील. ती सगळी या माणसापुढे बटाटे! डोक्याला फडकं बांधलेलं, गालाची हाडं वर आलेली, एक भुवई जराशी चढलेली. पाण्याच्या पाळीवरून दोन घरं भांडतायत, याने दोघांचं सगळं ऐकून घेतलंय आणि आता हा बोलणार, असा चेहरा. मी तर कमरेचं फडकं सोडून हात पुसले. असल्या माणसापुढे चिकट हातांनी कसं उभं राहायचं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्या दोमी, नशीब बघा, एवढा मोठा ऐवज मिळाला आणि नेमका वरच्या ओठाचा टवका उडालाय. उद्या प्लास्टर भरते, मग बघा कसा राजबिंडा दिसतो."

मी वाकून पाहिलं. ओठाच्या मधून नाकापर्यंत फट. मग मी काय केलं असेल? जीभ लावली.

"अहो!" त्या किंचाळल्याच. "दीड हजार वर्षांचा आहे तो!"

"मग मी काय त्याचा मुका घेतला? नुसती जीभ लावली."

तुला माहीतच आहे, भाजलेल्या मातीची फुटकी कड जिभेला चिकटते, पाणी ओढून घेते. घोटलेली माती चिकटत नाही. ही फट चिकटली नाही. आतून बाहेरून गुळगुळीत, आणि लाल रंगाचा हात थेट आतपर्यंत फिरवलेला. मी म्हटलं, "बाई, हे फुटलेलं नाही. हे केलेलं आहे. याचा ओठ असाच होता."

त्या पाण्याची बादली उपडी घालून तिच्यावरच बसल्या. भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. "तुम्हांला बघताक्षणी कसं कळलं हो?"

"मातीत आयुष्य गेलं," मी म्हटलं.

त्यांनी प्लास्टरचा डबा बंद करून ठेवून दिला. मला इतका आनंद झाला की परत येताना रिकामं पातेलं तिथेच विसरले.

तुझ्या चिमणीचं ऑपरेशन जवळ आलं असेल; एर्लिंदा सांगत होती, तिचं वजन आता चांगलं भरलंय. तिला कुठून कळतं देव जाणे, तुझी धर्ममाय असली तरी तिच्या कानांना पाय आहेत. मला एवढंच सांग, पोरीचं नाव काय ठेवलंस? मी अजून चिमणीच म्हणते. पणजी असून नाव माहीत नाही, हे कुणाला सांगताही येत नाही.

पातेलं विसरणारी तुझी आजी,
दोमितिला

मोचे, सोमवार, १६ फेब्रुवारी

फिओरेला,

बसच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, खोकं सही करून नेलं. मी ती सही दाखवायला लावली. तुझीच होती, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. म्हणजे पत्र तुझ्या घरात पोचलं. वाचलंस का जाळलंस ते तुझं तुला ठाऊक. या वेळी वाळवलेले मासे पाठवतेय, त्यांच्या वासाने पत्र जाळायचं सुचणार नाही.

आज टेकाडावर मी मास्तरीण झाले होते, खरंच सांगते! डॉक्टरीणबाईंना साच्याचा अर्धा तुकडा सापडलाय, त्याच माणसाच्या चेहऱ्याचा. त्यात माती कशी दाबायची, हे त्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं. पुस्तकात वाचून भाकरी तरी थापता येते का? मी बाह्या सारल्या. आपण नवा साचा केला, त्यांच्या तुकड्यावरून नाही, त्याला कोण हात लावू देतंय. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, अंगठ्याने आतून दाबत जायचं, मग दोन्ही सांधायचे, वर धरायची कमान बसवायची. सगळे खोदणारे गोळा झाले. मुकादम म्हणाला, "दोन्या दोमी, तुमच्या नवऱ्याने याच हातांच्या जोरावर गोऱ्या लोकांना गंडवलं ना?"

मी म्हटलं, "गंडवलं कसलं? त्याने एका साहेबाला सांगितलं, हे मडकं फार जुनं आहे. मंगळवारचं होतं. त्या दिवशी शुक्रवार होता."

इतके हसले, इतके हसले! डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण वहीमागे तोंड लपवलं.

आणि माती दाबता दाबता माझ्या ध्यानात आलं ते तुला सांगायलाच हवं. बघ हं. साचा करण्याआधी त्या कुंभाराने भरीव मातीचा चेहरा घडवला असणार, त्यावरून साचा उचलला. मूळ चेहऱ्यात ती फट बुजवायला किती माती लागली असती? हरभऱ्याएवढी. एक हरभरा माती, अंगठ्याचा एक दाब, की काम झालं. मग त्या साच्यातून जितकी मडकी निघाली असती ती सगळी धडधाकट ओठांची. कुणाला कळलं असतं? आणि ज्याचा चेहरा तो माणूस काही लहानसहान नव्हता. कानांत हे एवढाले दागिने. तो म्हणू शकला असता, अरे, जरा भरून टाक. तो म्हणाला नाही. कुंभारानेही भरलं नाही. उलट नाकपुडी त्या बाजूला किती ओढली जाते, तेसुद्धा मोजून मापून उतरवलं. आणि ती मडकी खोऱ्यात गावोगाव गेली, मक्याची चिचा भरून, सणासमारंभाला. लोकांनी त्या तोंडाकडे बघत बघत प्यायली असणार. काय माणूस, आणि काय कुंभार! दोघांतला थोर कोण ते मला ठरवताच येईना. रात्रीच्या जेवणाला मीठ घालायचं राहून गेलं.

आता एक सांगते. मागल्या पत्रात लिहिलं की मातीत आयुष्य गेलं म्हणून कळलं. ते अर्धंच खरं. जीभ नंतर लावली. आधी मी ती नाकपुडी ओळखली. आपल्या चिमणीची नाकपुडी तशीच एका बाजूला वाकलीय. दोन दिवस पाहिली मी तिला, तेवढी बास झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, आमच्या घरी अशीच एक आहे. मी गिळून टाकलं.

आणि पहिल्यांदा काय केलं होतं तेही तू विसरली नसशील. हॉस्पिटलातून आलो, गाडी कोपऱ्यावर थांबली, समोर एर्लिंदा आणि चार बायका. मी माझी काळी शाल काढली, पोरीच्या तोंडावर घातली आणि पिन लावून टाकली. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "टाके पडेपर्यंत राहू दे झाकलेली, लोकांना बोलायला विषय नको." हे माझं वाक्य. शब्द न शब्द आठवतं, आणि मी मात्र तुला लिहिते, काहीबाही बोलले असेन.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. बरोबर गेलीस.

आजी

मोचे, सोमवार, २३ फेब्रुवारी

माझ्या पोरी,

आज हसण्यासारखंही आहे आणि नाहीही. आधी कुठलं सांगू?

डॉक्टरीणबाईंना वाटलं, साच्यातून एकच मडकं कसं निघेल, भावंडं असणारच. म्हणून त्या टेकाडाच्या जुन्या कोठारात शोधायला गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी सापडलेली मडकी तिथे फळ्यांवर धूळ खात पडलीत. मला म्हणाल्या, "तुम्ही पण या, तुमची नजर चांगली आहे." मी तर लग्नाला निघाल्यासारखी वेणीफणी करून गेले.

तिसऱ्या फळीवर तो होता. तोच! पण म्हातारा झालेला. गाल बसलेले, कपाळावर दोन आठ्या, डोक्याचं फडकं जाऊन त्या जागी पक्ष्याचा मुकुट. तीच भुवई चढलेली. तरुणपणी दोन घरांचं भांडण ऐकायचा, आता अख्ख्या खोऱ्याचं ऐकत असणार. मी म्हटलं, "बाई, हा तोच. म्हातारपणीही त्याला बसवून चेहरा काढला."

"पण याचा ओठ अखंड आहे, दोन्या दोमी. म्हणजे दुसरा कुणीतरी."

मी मडकं उजेडात नेलं. ओठ खरंच अखंड होता. गुळगुळीत, छान, रंगही जुळवलेला. आणि फिओरेला, मी मडकं तिरकं धरून घोटल्याच्या रेघा बघितल्या. विटेची पूड झाडाच्या डिंकात कालवून कापडाने घोटायची माझी पद्धत. उजवीकडून डावीकडे घोटते मी. सगळे डावीकडून घोटतात.

तो ओठ मी भरला होता.

तेव्हा तुझे आजोबा कोठाराच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे डागडुजीला जायचे आणि बारीक काम मला आणून द्यायचे. मी बावीस-तेवीस वर्षांची, कडेवर तुझी आई. त्यांनी मडकं दिलं, म्हणाले, ओठ फुटलाय, नीट कर. मी नीट केला. तेव्हा जीभ लावून बघितली नाही, कारण असा ओठ कुणी मुद्दाम करेल हेच माझ्या डोक्यात आलं नाही. राखणदाराने माझ्या कामाची वाहवा केली होती, ती मी कितीतरी वर्षं मिरवली. तुलाही सांगितली असेल.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुम्हीच भरलंय ना, मग तुम्हीच काढा. तुमच्याइतकं ते कुणाला कळणार?" ओल्या कापसाने भिजवत, बारीक काडीने कणकण काढत बसले. दुपार त्यातच गेली. शेवटचा कण निघाला आणि ती फट उघडी पडली, आतपर्यंत लाल, जशी त्याने ठेवली होती तशी. दोघांना शेजारी ठेवलं, तरुण आणि म्हातारा. म्हातारपणापर्यंत जगला बघ. मुकुट घालून जगला, त्याच ओठाने. मला असा काही उमाळा आला की मी त्याला म्हटलं, "माफ करा, साहेब."

मग जेवणं वाढली. सगळे बसले होते, एर्लिंदाही आली होती माझ्या मदतीला, म्हणजे बातम्या गोळा करायला. डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, दोन्या दोमींनी कसं ओळखलं. मी पळी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी ओळखलं कारण माझ्या पणतीचा ओठ असाच आहे."

एर्लिंदाचा घास हातातच राहिला. "काय? तू तर मला म्हणालीस, पोरीला गोवर आलाय म्हणून झाकलंय!"

"खोटं बोलले."

"अगं, पाच महिने मी गोवरासाठी मेणबत्त्या लावतेय!"

"गोवर गेला ना मग? तुझ्या मेणबत्त्या लागू पडल्या."

सगळे हसले, ती सोडून. मग ती माझ्याजवळ सरकली, हळूच म्हणाली, "दोमी, माझ्या सख्ख्या काकाचा ओठ तसाच होता. आईने कधी त्याला फोटोत उभं राहू दिलं नाही. एकही फोटो नाही गं त्याचा घरात." आणि माझ्या हातातली पळी घेऊन सगळ्यांना वाढायला लागली. वाढताना डोळे पुसत होती. मी तिला बातम्यांची पेटी म्हणते, आता थोडे दिवस म्हणणार नाही.

अजून एक राहिलंय, सगळ्यांत जड. तू विचारलंस, हे असं का झालं, तेव्हा मी म्हणाले, तू ग्रहणात बाहेर गेलीस, कमरेला लाल फीतही बांधली नाहीस, म्हणून सूर्याने ओठ खाल्ला. आणि तू मान खाली घातलीस, जसा गुन्हा केलायस. ग्रहणाच्या दिवशी अंगणातली मडकी आत आणायला तुला मीच पाठवलं होतं. तुला ते आठवत होतं. तू बोलली नाहीस. मला आठवत होतं, मी पण बोलले नाही. हॉस्पिटलातला डॉक्टर सांगत होता, ओठ दुसऱ्या महिन्यातच घडतो. ग्रहण तर सहाव्यात लागलं होतं. म्हणजे दोष तुझा नव्हता, माझा नव्हता, सूर्याचाही नव्हता. माझा दोष पुढचा, सगळा तोंडाचा आणि शालीचा.

मी माफी मागते. मडक्यातल्या साहेबाची मागितली, तुझी मागायला इतके दिवस लावले. पत्राचं उत्तर नको. नाव कळवलंस तर कळव. नाही कळवलंस तरी रताळी येत राहतील.

तुझी
दोमितिला आजी

मोचे, बुधवार, ४ मार्च

फिओरेला, बाळ,

फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं, मग तू म्हणतेस, आजी, आवाज येत नाही. म्हणून लिहितेच. हे पत्र आजच्या बसने पुढे येईल, उद्याच्या बसने मी.

फोनवर ठेवलेला तुझा निरोप मी अकरा वेळा ऐकला. एर्लिंदाला दोनदा ऐकवला. "आजी, रताळ्यांतली निम्मी किडकी निघाली." सुरुवात ही! मला वाटलं, झालं, आता शिव्या. मग म्हणालीस, "तिचं नाव आब्रिल. सोमवारी ऑपरेशन आहे. त्याआधी ये. येताना माती घेऊन ये, तिचा आत्ताचा चेहरा कर." आणि ठेवून दिलास. पुढे काही नाही. तुझ्या आईचीच लेक, चिलीहून फोन करते तीही असंच बोलते, तार केल्यासारखं.

आब्रिल! अगं, एप्रिल महिन्याचं नाव, आणि पोरगी जन्मली सप्टेंबरात! आपल्या घराण्यात असलं नाव कुणाचं नाही. मी अंगणात मोठ्याने म्हणून पाहिलं, कोंबड्यांनी माना वर केल्या. नाव चांगलं आहे. तोंडात घोळतं.

आता कामाचं बोलते. माती नदीच्या वाकणावरची घेतलीय, दोनदा चाळली, बारीक वाळू घालून मळली, ओल्या फडक्यात गुंडाळली. मांडीवर घेऊन बसेन, बसच्या पोटातल्या सामानात टाकणार नाही, वाळून जाईल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, प्लास्टरने पोरीच्या चेहऱ्याचा ठसा घेणार का, सोपं पडेल. मी म्हटलं, काहीतरीच, बाळाच्या तोंडावर कुणी काही घालतं का? आणि आपल्या लोकांनी तसा ठसा घेतलेलाच नाही. माणूस समोर बसायचा आणि कुंभार त्याच्याकडे बघायचा. तोंडावर काही थापून भुवई अशी चढत नाही. ती बघूनच करावी लागते.

म्हणून असं ठरवलंय. खिडकीपाशी उजेड असेल तिथे तू तिला मांडीवर घेऊन बसायचं, मी समोर. ती रडली तर रडतानाची करेन, हसली तर हसतानाची. ओठ आहे तसा, नाकपुडी आहे तशी, हरभऱ्याएवढी मातीसुद्धा इकडची तिकडे होणार नाही. सोमवारी डॉक्टर त्यांचं काम करतील, चांगलं करू देत, तिला नीट दूध ओढता यायला हवं. त्याच्या आधीची आब्रिल मात्र आपल्या घरी राहील. मग दात आले की पुन्हा करेन. शाळेत गेली की पुन्हा. तेवढं जगले तर नवरी झाली की.

शुक्रवारी सकाळी पोचते. तुझ्या नवऱ्याला न्यायला पाठवू नकोस, तो उशिरा येतो. मी पत्ता विचारत येईन, मला तोंड आहे.

आणि एक आधीच सांगून ठेवते, मागून कटकट नको. पोरीकडे बघायला मला वेळ लागणार आहे. मी सावकाश काम करणारी बाई आहे, आणि पहिल्या वेळी मी तिला धड बघितलंच नव्हतं.

आब्रिलची पणजी
दोमितिला